सातवं टिंब

नाही नाही, चावत नाही तो — बोट आत घातलंत तर हुंगेल आणि मागे सरकेल, एवढंच. आणि ससा नाही हो स्वप्नालीताई, गिनी पिग. खालचे दौलतराव वर्षभर ससाच म्हणतायत, म्हणू देत. नाव घेवडा. आमच्या हिनं, मंजुषानं ठेवलेलं. दुसऱ्याचं गवार — मंडईतून पिशवी घेऊन आल्यासारखी हाक मारायची दोघांना. गवार गेला मार्चमध्ये, फोनवर बोललो होतो ना मी — नव्हतो बोललो? बरं. बसा, पिंपळे गुरवहून निगडीपर्यंत उन्हातनं आलात, पाणी आणतो — नको? ज्या मुलीसाठी याला नेताय, ती किती वर्षांची म्हणालात — नऊ. नऊ चांगलं. नऊ वर्षांचं मूल बघतं नीट.

हे सुकं गवत. हे दिवसभर समोर पाहिजे, कारण यांच्या दाढा जन्मभर वाढत असतात, गवत चावूनच झिजतात. ढोबळी मिरचीची एक फोड रोज — क जीवनसत्त्व यांच्या अंगात तयार होत नाही, आपल्यासारखंच. आणि मुख्य म्हणजे, हा आजारी पडला तर दाखवणार नाही. रानात जो लंगडला तो पकडला गेला, म्हणून अगदी शेवटपर्यंत काही झालंच नाही असा बसतो. आपण शोधायचं. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या — बघायचं. हनुवटी ओली, श्वासाला खरखर, अंग फुगवून कोपऱ्यात बसणं — बघायचं. आणि खाणं सोडलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, अर्धा दिवस उपाशी राहिला की आतडी थांबायला लागतात. सगळे डॉक्टर यांना बघतही नाहीत, एकानं तर मला सांगितलं, नवीन आणा की. चिंचवडला एक बाई आहेत, त्या बघतात. नंबर देतो.

तो फ्रिजवरचा कागद? तो वजनाचा आलेख. बावीस वर्षं चाकणला क्वालिटीत काढली मी, सवय जात नाही. रोज सकाळी सातला किचनच्या वजनकाट्यावर ठेवायचं आणि एक टिंब मारायचं. मंजुषा म्हणायची, याचं पण इन्स्पेक्शन? वरची लाल रेघ हजार ग्रॅम, खालची नऊशे वीस, मधे असला की ओके. कंपनीत नव्या पोरांना शिकवायचो मी — राव, नुसत्या रेघा काय बघता, टिंबं कुठं चाललीत ते बघा. सलग सात टिंबं खाली, की मशीन थांबवायचं, पार्ट लिमिटमध्ये असला तरी थांबवायचं. आणि गवारची अकरा गेली. अकरा, सलग, आणि मी रोज उचलतोय, ठेवतोय, ओके. कोथिंबिरीची काडी तोंडात घ्यायचा आणि टाकायचा, मी म्हटलं नखरे. दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या त्याच्या. बाई म्हणाल्या, आठवडाभर आधी आणायचा होता. पण माझं लक्ष तेव्हा — मंजुषा जानेवारीत गेली ना. हिचे ब्लाऊज सैल व्हायला लागले तेव्हा मी म्हटलं होतं, चालण्याचा फायदा होतोय बघ. तीसुद्धा खूश झाली होती. असो. पिंजरा रिक्षात बसेल ना? रिक्षा सांगू का?

काय मोजताय? — फ्रिजजवळ अंधार आहे, नीट दिसणार नाही. हो, टिंबं खाली चाललीत. सहा. सहाच आहेत, सात नाहीत. आजचं केलं नाही मी, तुम्ही यायच्या होतात, गडबडीत — गडबड कसली, पाचपासून जागा आहे मी. लिमिटमध्ये आहे हो. कालचं नऊशे साठ. वीस-तीस ग्रॅम इकडे तिकडे होतातच, उन्हाळा आहे, नव्या घरी मुलीशी खेळेल, खाईल —

नाही खाणार.

कालपासून काडी घेतो आणि टाकतो. मला दिसलंय ते. दिसलं, आणि मग तुम्हाला फोन करून म्हटलं, उद्याच या, पुढच्या रविवारी कशाला. बावीस वर्षांत कळत असताना खराब पेटी गेटबाहेर सोडली नाही मी. डिस्पॅचवाले ओरडायचे, ट्रक उभाय, टाका आत, तिकडं कोण बघतंय. नाही टाकली. आणि आता नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात द्यायला निघालो होतो — का, तर सातवं टिंब मला माझ्या हातानं मारायचं नव्हतं. तुमच्या घरी पडलं असतं ते. तुम्ही तर मारलंही नसतं, तुमच्याकडे कागदच नाही.

सरका जरा. ये रे. ये बाळा — बघा, हनुवटी. हात लावा. ओली आहे ना? काट्यावर — थांब, हलू नकोस — नऊशे त्रेपन्न.

बाई आज दीडपर्यंतच असतात. किती वाजले? मग आहे वेळ. तो टॉवेल द्या इकडं, आणि ती टोपली. नाही, तुम्ही येऊ नका, तुमच्याकडून मला काही नको आणि तुम्हीही माझ्याकडून काही नेऊ नका. मुलीला सांगा, काकांनी दिला नाही. का ते विचारलं तर खरं सांगा. चप्पल माझी कुठं — राहू दे, सापडली. तुम्ही निघा आधी, स्वप्नालीताई, मला कुलूप लावायचंय.