पान, बाण, मान

आई : परत चूक! अगं, मी 'बाण' म्हटलं आणि तू चित्र उचललंस कसलं? पानाचं!

ठकी : मग हे?

आई : ती मान. जिराफाची मान. ठके, तुक्के मारू नकोस गं, आधी आवाज ऐक. ब. ब्ब. बाण.

बाबा : अगं, जरा दम घे. पाच वर्षांचं पोर आहे, तिला काय उद्या कोर्टात उभं राहायचंय?

आई : तुम्हाला बोलायला काय जातंय! सोमवारी बाई तिला समोर बसवून एकेका अक्षराचा आवाज ओळखायला लावणार आहेत. नाही आलं, तर पुन्हा छोट्या वर्गात. मैत्रिणी सगळ्या पुढे जातील आणि ही एकटी मागे. माझ्या तर घशाखाली घास उतरत नाही.

बाबा : 'फ' येतो की तिला. 'व' येतो. 'ओ' तर फटकन ओळखते.

आई : तेच म्हणते मी! येतं सगळं, पण प, ब, म आले की पालथ्या घड्यावर पाणी. आता बाईंनी सांगितलंय तसंच करते. ठके, हे बघ, मी तोंडासमोर पुठ्ठा धरला. तू नुसतं ऐकायचं आणि चित्र उचलायचं. फूल.

ठकी : पुठ्ठा काढ ना.

आई : नाही, खेळच तसा आहे. फूल.

ठकी : काढ ना, आई!

आई : फूल म्हणतेय मी, फूल! घ्या, वाटी उचलली. अहो, आत्ता हिला फूल येत होतं! वेड पांघरतेय नुसती.

बाबा : थांब. पुठ्ठा खाली घे आणि म्हण.

आई : फूल.

ठकी : हे!

आई : बघितलंत? नाटकं सगळी!

बाबा : पुन्हा धर पुठ्ठा. आवाज चढवू नकोस, तेवढाच ठेव.

आई : वाटी.

ठकी : ... पान?

बाबा : अगं, ती तुझ्या ओठांकडे बघत होती.

आई : मग कुठे बघणार? छताकडे?

बाबा : तसं नव्हे. आमच्या कारखान्यात यंत्रांची धडधड एवढी, की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघूनच समजून घेतो. तू एकदा आरशासमोर उभी राहून प, ब, म म्हण बघू.

आई : काहीतरीच तुमचं! प... ब... म... अहो, ओठ सारखेच मिटतात.

बाबा : तू आता गप्प राहा. खुणा करू नकोस. मी तिच्या मागे जातो. ठकी, चॉकलेट हवं का गं?

(ठकी पाठमोरी बसून चित्रं ओळीत लावत राहते.)

आई : परत म्हणा. जरासं मोठ्यांदा.

बाबा : ठकी, चॉकलेट.

आई : अगं बाई... चॉकलेट म्हटलं की झोपेतून उठणारी पोर ही!

बाबा : मध्ये सर्दीने किती दिवस हैराण होती. कान दुखतोय म्हणायची, आठवतंय?

आई : मी हाका मारमारून थकायचे, ही ओ द्यायची नाही. मला वाटायचं, शेफारलीय. आता काय हो करायचं? बरं होईल ना?

बाबा : मला तरी काय कळतंय? सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी रजा टाकतो. डोळे पूस आधी, बघतेय ती.

ठकी : आई, का रडतेस?

आई : काही नाही गं राणी. इकडे ये, माझ्याकडे बघ. अभ्यास पुरे आता.

ठकी : पण मला एक अक्षर नीट ऐकू आलं होतं.

आई : कधी गं?

ठकी : काल. तू पुस्तक आपटलंस ना, तेव्हा. तू मोठ्ठ्यांदा म्हणालीस.

आई : काय म्हणाले मी?

ठकी : ढ. ढ ढगाचा. बरोबर ना?