टकलावरचं गाणं

फुटबॉल स्टेडियमबाहेर फुलं वाहायच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि लाल मफलरवाला एक माणूस होता.

“लाल मफलर? हा तर निळ्यांचा क्लब.”

“हो ताई. पण तुमचे मॅनेजर गेल्याचं कळलं आणि घरी बसवेना.”

“त्यांच्या टकलावरचं गाणं तुमचंच ना?”

“आमचंच. ते मैदानात आले की त्यांना चिडवायला आमचा अख्खा स्टँड गायचा. तेही हात उंचावून ताल द्यायचे.”

“घरी दाढी करतानाही तेच गुणगुणायचे.”

“घरी?”

“बाबा होते माझे.”

“अरे देवा. मग तुम्ही रांगेत का?”

“आत सगळे माझंच सांत्वन करत बसतात.”

“शनिवारच्या सामन्याआधी आमचा स्टँड मिनिटभर गप्प उभा राहणार आहे.”

“गप्प कशाला? ते गाणंच म्हणा.”

“काल म्हणून बघितलं, ताई. पहिल्या ओळीपुढे कुणाचा आवाजच फुटेना. म्हणून तर गप्प राहायचं ठरलं.”