माझ्या जागेवर फ्रिज

…आणि वर मलाच म्हणतात, "तू बसने ये." मला! म्हणजे जिच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी हा सगळा खटाटोप, ती बाई बसने आणि फ्रिज गाडीतून. पुढच्या सीटवर, ह्यांच्या शेजारी, वर त्याला पट्टा लावलेला. का, तर सीटवर वजन पडलं की पट्टा लावेपर्यंत आमची गाडी पीं पीं करत सुटते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ह्या माणसाने मला कधी पट्टा लावून दिला नाही हो…

थांबा, असं मधूनच सांगून नाही कळायचं तुम्हाला. त्या पुढच्या सीटचं काय आहे ते आधी ऐका. लग्न झालं तेव्हापासून ती सीट सासूबाईंची. त्यांचे गुडघे वाकायचे नाहीत, त्यामुळे त्या पुढे आणि मी मागे मधोमध, जिथे पायाखाली तो उंचवटा येतो ना, तिथे. एका अंगाला मुलगा, दुसऱ्या अंगाला मुलगी, आणि घाट लागला की दोघांपैकी कोण आधी ओकतंय ते बघत पिशवी धरून बसायचं. सासूबाई गेल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण म्हटलं आता तरी पुढे बसायला मिळेल. कसलं काय! मुलाचे पाय लांब झाले होते, तो जाऊन बसला पुढे.

म्हणून पन्नाशीला ह्यांनी विचारलं ना, काय हवं तुला, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं. दागिना नको, कपडे नको. मला पुढे बसून, खिडकी उघडी टाकून, तुमच्याशी गप्पा मारत लांब कुठेतरी जायचंय. बस्स. आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण ह्यांनी त्यातलं "लांब" तेवढं ऐकलं. लांब म्हणजे मुक्काम आला, मुक्काम म्हणजे तंबू आला, आणि तंबू न्यायचा म्हणजे ट्रेलर हवा! मी मागितली सीट आणि ह्यांनी आणला ट्रेलर. एवढासाच, दोन चाकांचा, वरून झाकणाचा. आपलं कपाट आडवं पाडून त्याला चाकं लावली तर कसं दिसेल, तसा.

मी म्हटलं, अहो, एवढ्याशा डब्यात मावणार काय? तर म्हणतात, "जागा असत नाही, जागा करावी लागते." कारण आमचे हे गोदामपाल आहेत ना! बत्तीस वर्षं गोदाम सांभाळलंय. घरात चमचा ठेवायचा तरी त्यावर चिठ्ठी हवी.

मग महिनाभर सामान येत राहिलं. तंबू आला, हवा भरायच्या गाद्या आल्या, पंप, घडीच्या खुर्च्या, टेबल, शेगडी, कंदील, आणि तंबूत अंथरायला एक चटई, ती गुंडाळली की माझ्या खांद्याला लागायची. आणि एकेका वस्तूला तिचं खोकं! ते टाकायचं नाही बरं का. मी एकदा कंदिलाचं खोकं रद्दीत घातलं तर हे ते परत घेऊन आले, चेहरा असा की जणू मी त्यांच्या आईला बाहेर ठेवलं होतं. म्हणाले, खोकं गेलं की माल गेला. झालं! पलंगाखाली गाद्यांची खोकी, दारामागे खुर्च्यांची, आणि माझ्या कपाटात शेगडी. मग माझे कपडे कुठे? बॅगेत. म्हणजे प्रवासाला जायचं ते कपाटात आणि घरात घालायचं ते बॅगेत. आणि मी तोंड उघडलं की आहेच, "जागा करावी लागते."

निघायच्या दिवशी सकाळपासून भराभरी. हे हातात मांडणीचा नकाशा घेऊन उभे, मुलं खोकी देतायत. जड माल चाकांच्या वर, हलका बाजूला, मागे वजन गेलं की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो म्हणे. न्हाणीघरातला वजनकाटा आणून खोकं न् खोकं तोललं. चार वेळा भरलं, चार वेळा उपसलं. पाचव्यांदा झाकण लागलं तेव्हा पाच खोकी खाली उरली होती, आणि तो फ्रिज. छोटा, गाडीवर चालणारा. उरलेली खोकी गेली मागच्या सीटवर, मुलांच्या मधे. माझ्या जुन्या जागेवर, उंचवट्यासकट! आणि फ्रिजची वायर लायटरच्या भोकात जाते, ती पुढूनच पोचते. तर फ्रिज पुढे.

मी दारात पर्स घेऊन उभी. नवा ड्रेस घातलेला, केस मोकळे सोडलेले. म्हटलं, आणि मी? ह्यांनी नकाशा बघितला हो! नकाशात मी नव्हतेच. मग अगदी शांतपणे, गोदामात एखाद्या हमालाला समजवावं तसं म्हणाले, "अगं, तुला बसने येता येतं. फ्रिजला येतं का?"

मुलगी म्हणाली, आई, बसमध्ये पाय तरी पसरता येतील. मुलगा फोनमध्ये. मी विचारलं, एवढं काय आहे त्या फ्रिजमध्ये? तर म्हणतात, तुझा केक! माझ्या वाढदिवसाचा केक, माझ्या सीटवर, माझ्या नवऱ्याशेजारी, खिडकीतून वारा खात… वर गाडी सुरू करता करता ती चटई माझ्या हातात. "तू रिकामीच चाललीयेस, तर एवढं ने." कंडक्टर म्हणाला, बाई, ह्या गुंडाळीचं अर्धं तिकीट पडेल. म्हटलं फाडा. तिला खिडकीशी बसवलं आणि साडेतीन तास मी तिच्या शेजारी बसून रडले. हसू नका, खरंच रडले.

केक चांगला गार होता, ते मात्र कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. तंबूत आम्ही चौघं कसेबसे मावलेलो, त्यामुळे रिकामी खोकी बाहेर रचलेली, चिठ्ठ्या समोर करून. तासाभरात त्यांचा लगदा झाला. हे पावसात उभे राहून बघत होते, बिचारे. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी मनातून गुदगुल्याही झाल्या, काय करू!

परतीच्या सकाळी हे नकाशा हातात घेऊन नुसतेच बसलेले. खोक्यांशिवाय मांडणी करायची कशी, ते कळेना त्यांना. म्हटलं सरका. शेगडी पातेल्यात, कंदील टॉवेलात, गाद्या हवा काढून तळाला पसरल्या, ओला तंबू त्यांच्यावर, खुर्च्या कडेनं उभ्या. सव्वीस वर्षं सगळ्यांचं एका बॅगेत भरतेय, मला कोण नकाशा देणार? चटई गेली, पंप गेला. फ्रिजसुद्धा गेला! आणि वर हातभर जागा उरली. म्हणजे पहिल्यापासून ट्रेलरभर आम्ही हवाच भरत होतो, चिठ्ठ्या लावून. ह्यांनी त्या जागेत हात घालून बघितला, मग म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, जागा करावी लागते."

पुढची सीट रिकामी होती! दार उघडलं, बसले, खिडकी खाली केली. गाडी निघाली, वारा आला, मी ह्यांच्याकडे वळले, म्हटलं आता बोलायचं… आणि भरून भरून इतकी दमले होते, की पहिल्या वळणालाच झोप लागली. जाग आली ती घराच्या फाटकाशी. सगळा रस्ता गेला हो, सगळा.

पण बघते तर अंगावरून पट्टा! मी तर लावला नव्हता. मला भरूनच आलं. म्हटलं, अहो, तुम्ही लावलात?

म्हणाले, "मग काय करणार? गाडी पीं पीं करत होती."

म्हटलं, चला, सव्वीस वर्षांनी का होईना, फ्रिजच्या बरोबरीला तरी आले.