दोन फेऱ्यांतला फरक

मिस्त्री: म्हणजे वहिनींना खरं कारण सांगायचं नाही?

नवरा: कारण सांगायचं, पण आपल्या सोयीचं. चाक लहान झालं की वजन उतरतं, गाडी पटकन वेग घेते, वळणावर रस्ता सोडत नाही. एवढंच बोलायचं. कमरेचं नाव काढायचं नाही.

मिस्त्री: पण साहेब, हेही काही खोटं नाही. ही एकोणीस इंची चाकं म्हणजे नुसता शोरूमचा थाट. रिम मोठी आणि रबर म्हणजे चपटी पट्टी. खड्ड्यात गेलं की हिसका थेट सीटला. सतरा इंची घातली की रिम लहान, रबर जाड, हिसका रबरातच जिरतो. वर गाडी हलकी. चालवणाराही खूश, बसणाराही खूश.

नवरा: मग चालवणाऱ्याचंच सांगा. बसणाऱ्याचं काढलंत ना, तर ती उठून चालत घरी जाईल. मणक्याचं ऑपरेशन झालंय तिचं, मागच्या वर्षी. तेव्हापासून कुणी पाठीमागे उशी सरकवली तरी तिला राग येतो.

मिस्त्री: अजून दुखतं का?

नवरा: विचारलं की म्हणते, छे! पण खड्डा आला की दाराची मूठ घट्ट धरते. तिला वाटतं, ह्यांना दिसत नाही. अहो, दिवसभर लोकांचे डोळे तपासून चष्मे विकतो मी, मला एवढं दिसणार नाही? डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, जरा दुखलं, मुंग्या आल्या, तरी लगेच या. नस पुन्हा दाबली गेली आणि उशीर झाला, तर पाय गेला समजा. आणि ही दर तपासणीला काय सांगते? मस्त चाललंय!

मिस्त्री: आल्या बघा.

बायको: काय हो, काही ठरलं, की नुसतीच कुजबुज चाललीय?

नवरा: कुजबुज कसली! वजनाचं बोलत होतो. फिरणारं वजन कमी झालं की—

बायको: कुणाचं? चाकाचं की माझं?

मिस्त्री: चाकाचं हो वहिनी. तुमचं आहे तेवढं बरं आहे.

बायको: मला विचाराल तर हीच चाकं झकास आहेत. इतकी वर्षं या गाडीचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं ह्यांनी. मी साड्या काढायला दार उघडलं की आधी ही चाकं दिसायची. आता गाडी दारात आली, तर चाकं बदलायची म्हणे. सुटाबुटावर चपला घातल्यासारखं दिसेल.

नवरा: दिसण्याचं सोड. आपण असं करू. मिस्त्री तुला आहे त्या चाकांवर एक चक्कर मारून आणतील. मग चाकं बदलतील, आणि पुन्हा त्याच रस्त्याने एक चक्कर. दुसऱ्या वेळी डोळे मिटून बसायचं, चाकं बघायची नाहीत. नुसतं सांगायचं, कोणती बरी.

बायको: मिस्त्री कशाला? तुम्हाला काय धाड भरलीय?

नवरा: मी चालवली की तू आधी माझ्या तोंडाकडे बघतेस आणि मग बोलतेस.

बायको: बघण्यासारखं आहे तरी काय तिथे! चला हो मिस्त्री, होऊन जाऊ द्या.

(दोन्ही फेऱ्या झाल्यावर, मिस्त्रींच्या दुकानाच्या दारात. गाडी मागच्या बाजूला लावलेली.)

बायको: अहो, काय सांगू तुम्हाला! पहिल्या फेरीत जरा कडक वाटत होती, पण आता? अगदी गादीवर बसल्यासारखं. शाळेजवळचा तो उखडलेला रस्ता कधी आला, कधी गेला, कळलंसुद्धा नाही. तुमचंच खरं. हीच घ्या.

नवरा: नक्की? माझ्याकडे बघू नकोस. तिकडे भिंतीकडे बघून सांग.

बायको: भिंतीकडे बघून सांगते, नक्की. कंबर-बिंबर काही म्हणजे काही जाणवली नाही.

नवरा: कमरेचं मी विचारलंच नव्हतं.

बायको: विचारत नाही, पण डोळे माझ्या कमरेवरच असतात तुमचे. आलेच मी, जरा तोंडावर पाणी मारून येते.

नवरा: मिस्त्री, जादू केलीत तुम्ही! तिच्या तोंडून अशी स्तुती म्हणजे—

मिस्त्री: साहेब, माझी एक चूक झालीय.

नवरा: कसली?

मिस्त्री: सतरा इंची बसलीच नाहीत. तुमच्या गाडीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, रिम त्यांना घासते. मी आधी माप घ्यायला हवं होतं. उगाच छातीठोकपणे सांगून बसलो. मग जुनी होती तीच परत चढवली. तुम्हाला सांगायला आलो, तर तुम्ही फोनवर. वहिनी गाडीत बसून मोकळ्या, डोळे मिटून. म्हटलं, आणू फिरवून. त्या म्हणतील, काही फरक नाही बुवा. मग सगळेच हसू.

नवरा: म्हणजे दुसऱ्या फेरीला...

मिस्त्री: तीच चाकं. एकोणीस इंची. टायरमधली हवासुद्धा तीच.

नवरा: पण ती तर म्हणाली, गादी.

मिस्त्री: हो ना. आणि साहेब, सांगू की नको कळत नाही, पण शाळेपाशी गाडी आदळली तेव्हा त्यांनी ओठ दातांखाली धरला होता. डोळे मिटलेले आणि ओठ असा पांढरा. दुकान आलं तसा त्यांनी चेहरा सारखा केला.

नवरा: डॉक्टरांसमोरही ती हेच करत असणार.

मिस्त्री: साहेब, खुर्ची घ्या. बसा जरा.

बायको: काय झालं? असे काय बसलात? कुणाचा फोन होता मघाशी?

नवरा: चाकं बदललीच नव्हती.

बायको: कोणती?

नवरा: दुसऱ्या फेरीला. जुनीच होती. तू गादी म्हणालीस ती.

बायको: मिस्त्री?

मिस्त्री: माझीच चूक, वहिनी. लहान चाकं ब्रेकला अडकली.

बायको: मग तुम्ही मला एवढं बोलू कसं दिलंत हो?

मिस्त्री: तुम्ही एवढं छान बोलाल असं वाटलं नव्हतं. मी... मी अठरा इंची काढतो. ती बसतील. या वेळी माप घेऊन सांगतो.

नवरा: काढा. जरा सावकाश काढा.

बायको: घरी जाऊन बोलू.

नवरा: इथेच बोलू. घरी गेलो की तू भांडी आपटत बसशील आणि मी पेपरात तोंड घालेन. दुखतं ना?

बायको: दुखतं.

नवरा: केव्हापासून?

बायको: गाडी आणलीत, त्याच्या थोडं आधीपासून.

नवरा: अगं, समुद्रापर्यंत नेलं मी तुला! आणि परत आणलं! वाटभर गाणी म्हणत होतीस तू!

बायको: गाणं चालू असलं की कण्हणं त्यातच लपतं.

नवरा: राग येतोय मला तुझा. भयंकर राग येतोय. मी इथे खुळ्यासारखा आनंदात गाडी हाकतोय, आणि शेजारी तू...

बायको: आणि तुम्ही काय केलंत? सकाळपासून वजन आणि वेग आणि वळणं! मला काय समजत नाही? घरी आणल्या आणल्या याच चाकांवरून हात फिरवत होतात तुम्ही, जेवण निवून गेलं तरी. ती उतरवायला निघालात, म्हणजे माझ्यासाठीच. म्हटलं, माणूस एवढं करतोय, तर छान म्हणावं.

नवरा: मला छान नको होतं गं. खरं हवं होतं.

बायको: खरं सांगून बघितलंय मी एकदा. मागच्या वर्षी. काय झालं? दुकान भावाच्या गळ्यात मारलंत, मित्र तोडलेत, रात्री उठून माझा श्वास चालू आहे का ते बघायचात. मला भाजी चिरू देईनात. घरातली बायको गेली आणि पेशंट तेवढी उरली. तुम्ही हसणंसुद्धा बंद केलंत, मला त्रास होईल म्हणून! मग ही गाडी आली. तुम्ही हॉर्न वाजवलात आणि ओरडलात, "बस गं पटकन!" कितीतरी दिवसांनी कुणी मला पटकन म्हणालं. हात दिला नाही, उशी दिली नाही. त्यावर पाणी सोडू मी?

नवरा: आणि पाय गेला तर? मग कशी बसशील पटकन?

बायको: ओरडू नका. माणसं बघतायत.

नवरा: ओरडत नाहीये. घाबरलोय मी.

बायको: मीही घाबरलेय. म्हणून तर सांगत नव्हते.

मिस्त्री: साहेब, अठरा बसली. चारही. हाताने फिरवून बघितली, कुठे घासत नाहीत. वहिनी, या वेळी तुम्ही स्वतः बघून घ्या.

बायको: बघितली. बरी दिसतायत की.

मिस्त्री: चक्कर मारायला येऊ मी?

नवरा: नको. मीच नेतो. बस गं... सावकाश. म्हणजे, बस तुला हवं तसं.

बायको: बसले. पट्टाही लावला. निघा.

नवरा: शाळेवरूनच घेतो.

बायको: घ्या.

नवरा: हा आला तो भाग. मी समोर बघतोय, तुझ्याकडे नाही. सांग.

बायको: कमी झालं. खरंच कमी झालं. आधी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, आता नुसती कळ आली.

नवरा: म्हणजे दुखलं.

बायको: दुखलं.

नवरा: आणखी काय?

बायको: गाडीकडे लक्ष द्या.

नवरा: गाडीकडेच आहे. आणखी काय?

बायको: डाव्या पायाचा अंगठा. काही दिवस झाले, असून नसल्यासारखा आहे. परवा जिन्यात चप्पल पायातून निघून गेली, मला पत्ताच नाही. खालच्या शेजारणीने आणून दिली.

नवरा: अरे देवा!

बायको: थांबवू नका गाडी. मागे ट्रक आहे.

नवरा: मग काय करू?

बायको: चौकातून डावीकडे घ्या, दवाखाना उघडा असेल अजून.

नवरा: डॉक्टरांना मी सांगू?

बायको: मी सांगते. सगळं सांगते. पण तिथपर्यंत असं रांगत नेऊ नका मला. नेहमीसारखी चालवा.

नवरा: दुखेल गं.

बायको: दुखलं की सांगेन.