रिठदच्या बावीस विहिरी

हेमसिंगनं दहापैकी दहा गुण दिले असते, तर जगदेवची शिष्यवृत्ती पक्की होती. गावपाहणीच्या कामाचे गुण सोबत्यांनीच एकमेकांना द्यायचे, असा कॉलेजच्या सरांचा नियम. शेलूबाजारच्या मोटारथांब्यावर दोघे माझ्यापुढेच उभे होते.

“हेमसिंग, मले किती देल्ले?”

“शून्य.”

“लेका, म्या तुले दहा देल्ले ना!”

“रिठदच्या बावीस विहिरी म्या एकट्यानं मोजल्या. तू पाटलाच्या ओसरीत झोपून राह्यला.”

“मंग उद्यापासून तुह्या बापाले आमच्या वावरात काम नाही.”

“बाले इचारूनच शून्य देल्लं, जगदेव.”

“काय म्हणे तो?”

“म्हणे, काम दुसरीकडं भेटन. अन् तुले सांगाले लावलं, आता कापूस तूच वेच. त्याचे गुण आमी देऊ.”