थंड इंजिनाचा आवाज

मिस्त्री : हे बघा, मास्तर. बोट लावू नका, नुसतं बघा.

मास्तर : काय आहे हे? झाकणाला पांढरं काय लागलंय?

मिस्त्री : तुम्हीच सांगा. इंजिनात आपण ऑइल घालतो, लोणी नाही.

मास्तर : मी काहीच ओतलेलं नाही हो. मी झाकण उघडतसुद्धा नाही, मला भीती वाटते. काल पिवळा दिवा लागला म्हणून तुम्हाला फोन केला, बस.

मिस्त्री : ओतलं नाहीत ते दिसतंय. पाणी आहे हे. ऑइलात पाणी मिसळलं की असा लगदा होतो.

मास्तर : पाणी कुठून येईल? गाडी छपराखाली. वर कव्हर, माझ्या हातचं. आतून अस्तर लावून दुहेरी शिवलंय. थेंब आत जायचा नाही.

मिस्त्री : आत जात नाही तसा बाहेरही जात नाही. स्पोर्ट्स कारला रजई शिवलीत तुम्ही. आत हात घालून बघा, दमट लागतंय.

मास्तर : ऊब राहावी म्हणून शिवलं.

मिस्त्री : ऊब आतून यावी लागते. ती बादली सरकवा इकडं, बसतो जरा. डेपोत बसच्या खाली झोपून झोपून कंबर कामातून गेली माझी. हं. आता सांगा, गाडी शेवटची बाहेर कधी काढली?

मास्तर : मेहुणी गेल्यापासून काढलेलीच नाही. आमच्या हिनंच तिला दवाखान्यात नेलं होतं, ह्याच गाडीतून. ही परत आली ती एकटी. गाडी लावली, चावी त्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर हात नाही लावला.

मिस्त्री : मग चालू कोण करतं? बॅटरी तर ठणठणीत आहे.

मास्तर : मी. रोज सकाळी, पाच मिनिटं.

मिस्त्री : तुम्हाला चालवता येत नाही.

मास्तर : चालवायची कुठं आहे? चावी फिरवायची, जरा गुरगुरू द्यायचं, बंद करायचं. शिलाई मशीनचं तसंच असतं. दुकान उघडलं की आधी दोरा न ओवता रिकामी फिरवायची, दोन थेंब तेल सोडायचं, मग काम. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी जाऊन फिरवून येतो. वडिलांची मशीन अजून लोण्यासारखी चालते ती त्याच्यावरच. म्हटलं, यंत्र ते यंत्र.

मिस्त्री : मशीनच्या पोटात आग नसते, मास्तर.

मास्तर : म्हणजे?

मिस्त्री : इंजिन पेटलं की आत वाफ धरते. पातेल्याच्या झाकणाला धरते ना, तशी. गाडी रस्त्याला लागली, ऑइल नीट तापलं की ती उडून जाते. तुम्ही पाच मिनिटांत बंद करता. ती तिथंच बसते, तिचं पाणी होतं, ते ऑइलात उतरतं. उद्या आणखी थोडं, परवा आणखी थोडं. त्यापेक्षा हात लावला नसतात तर बरी राहिली असती.

मास्तर : म्हणजे मीच केलं हे.

मिस्त्री : एवढं मनाला लावून घेऊ नका. अर्ध्या गावाच्या गाड्या अशाच जातात, जपून जपून.

मास्तर : वॉरंटी असती तर मी कशाला लक्ष घातलं असतं? सेकंडहँड गाडी, पण विकणाऱ्यानं वॉरंटी दिली होती. ती होती तोवर मी इकडं फिरकायचोही नाही. मग ती संपली, आणि त्याच महिन्यात मेहुणी गेली. शोरूमवाल्यांनी हात वर केले, मालकिणीनं अंथरूण धरलं. राहिलो कोण, तर मी. ज्याला ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला ते कळत नाही.

मिस्त्री : बाई उठतच नाहीत?

मास्तर : उठते की. ताट वाढलं की जेवते, विचारलं की उत्तर देते. परत भिंतीकडं तोंड करून पडते. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही. मला तेच ऐकून जास्त भीती वाटते.

मिस्त्री : ह्या बाई? डेपोत ह्यांचा दरारा होता. पहाटे बस काढायच्या आधी इंजिनाला कान देऊन उभ्या राहायच्या. मला म्हणायच्या, 'मिस्त्री, हिला सर्दी झालीय.' आम्ही हसायचो. उघडून बघितलं की काहीतरी निघायचंच. आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी काय म्हणाल्या, आठवतंय?

मास्तर : आठवत नाही कसं? 'जन्मभर बस भरून माणसं हळू नेली, आता एकच माणूस जोरात नेणार.' मला वाटलं, आपल्यालाच म्हणतेय. लगेच दुकानाची निमित्तं शोधायला लागलो. पण ते माणूस म्हणजे तिची ताई निघाली. दोन सीटची गाडी, दोघी बहिणी. मी दारात उभा राहून हात हलवायचो.

मिस्त्री : सुटलात म्हणा.

मास्तर : सुटलोच होतो. बरं, इंजिन गेलं का ते सांगा. एकदाच सांगून टाका.

मिस्त्री : गेलं नाही. आतून ठोके येत नाहीत अजून. ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, आतलं धुऊन काढतो. पण हे झालं आजचं. उद्या सकाळी तुम्ही परत गुरगुर सुरू केलीत, तर आतल्या आत घासत जाईल. आणि ह्या गाडीचं इंजिन गेलं की गाडीच गेली. हिचे सुटे भाग शोधत हिंडायचं माझं वय राहिलं नाही.

मास्तर : दुसरी वॉरंटी घेऊ का? जुन्या गाडीलाही मिळते म्हणे.

मिस्त्री : घ्या की. पण कागदानं ऑइल तापत नाही. आठवड्यातून एकदा बाहेर काढायची. सुरुवातीला सावकाश, पाय न दाबता, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. मग मोकळ्या रस्त्याला मनसोक्त पळवायची, त्यासाठीच केलीय ती. घर जवळ आलं की पुन्हा सावकाश, आणि मग बंद. एवढंच औषध.

मास्तर : आणि चालवणार कोण?

मिस्त्री : तिथं माझं औषध संपलं.

मास्तर : तुम्ही येत जाल?

मिस्त्री : मी ह्यात बसलो तर मला बाहेर काढायला चार माणसं बोलवावी लागतील. सीट बघा, जमिनीला टेकलीय. शेजारपाजारचं कुणी बोलवाल, तर ते थंड इंजिनावरच पाय दाबेल. त्यापेक्षा विका, मास्तर. कुणाच्या तरी हातात जगेल तरी.

मास्तर : हीही तेच म्हणाली होती, 'विकून टाका.' एकदाच म्हणाली. मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

मिस्त्री : हं. बरं, दिव्याचं बघायचंय. फ्यूज त्या शेजारच्या सीटच्या पुढं असतात. सीट मागं घेतो जरा.

मास्तर : नको. ती हलवू नका.

मिस्त्री : का?

मास्तर : मेहुणीची आहे. तिनं पुढं ओढून घेतली होती तिथंच आहे अजून. मी एकदा पुसायला गेलो, तर ही दारातून म्हणाली, 'तिथं नाही.' दिवसभरात तेवढंच बोलली.

मिस्त्री : राहू दे, वाकून बघतो. कंबर तशीही गेलेलीच आहे. एक विचारू का, मास्तर? मशीनवरून ठरवलंत ते कळलं. पण तुम्ही सकाळी अंथरुणातून लवकर न उठणारा माणूस. दुकान उशिरा उघडता म्हणून अख्खी गल्ली शिव्या घालते. आणि गाडीसाठी रोज पहाटे, न चुकता?

मास्तर : तुम्ही ऑइल काढा.

मिस्त्री : काढतोय. हात अडकलेत, कान मोकळे आहेत.

मास्तर : पहिल्या दिवशी खरंच इंजिनासाठी चालू केली. शप्पथ. चावी फिरवली आणि वर बघितलं. तिच्या खोलीची खिडकी इथून दिसते, ती बघा. पडदा हलला. उठून खिडकीशी आली होती. कुणी न उठवता. मी खालून विचारलं, 'चहा टाकू?' तर म्हणाली, 'टाका.' दुसऱ्या दिवशी परत चालू केली, परत पडदा हलला. मग काय, मिस्त्री. माप घेता येतं, कापड बेतता येतं. बाकी माणसासाठी काय करायचं असतं ते मला कुठं येतं? तेवढं एक जमत होतं.

मिस्त्री : हं.

मास्तर : आणि आता तुम्ही म्हणता तेही करू नका. गाडी जपायची तर ही परत भिंतीकडं. ही खिडकीशी यायला हवी तर गाडी मरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. थकलो मी खरंच.

(घराकडचं दार उघडतं.)

बाई : मिस्त्री, डबा नीट खाली धरा. फरशीवर सांडलं की हे दिवसभर पुसत बसतील.

मिस्त्री : बाई. बऱ्या आहात?

बाई : बघताय तशी आहे. पाणी बरंच निघालं?

मिस्त्री : बरंच. दुधाचा चहा दिसतोय नुसता.

बाई : वाटलंच.

मास्तर : तुला वाटलंच?

बाई : थोड्याच दिवसांत आवाज बदलला होता. ओला येत होता.

मास्तर : आणि तू बोलली नाहीस? मी खुळ्यासारखा रोज उठून तिची माती करतोय आणि तू वर पडून ऐकतेयस?

बाई : बोलायचं म्हणजे जिना उतरायचा. तुम्हाला समजावायचं. तुम्ही मशीनचं सांगणार, मग वडिलांचं सांगणार. एवढा जीव कुणात होता?

मास्तर : खिडकीपर्यंत यायचीस ना? तिथूनच सांगायचं. 'बंद करा', दोन शब्द.

बाई : सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं.

मास्तर : मग तेच म्हणतोय मी.

बाई : दुसऱ्या दिवशी चालू झाली नसती. मग मी कशासाठी उठायचं होतं?

मिस्त्री : मी जरा बाहेरून फिल्टर घेऊन येतो.

बाई : बसा हो. फिल्टर तुमच्या पायाशी आहे. तुम्ही काय परके आहात?

मास्तर : अगं, मला वाटत होतं, गाडी गेली तर तू आणखी खचशील. म्हणून जपत होतो.

बाई : कळत होतं मला. म्हणून तर आणखी बोलवेना. खरं सांगू? सुरुवातीला वाटलं, जाऊ दे इंजिन. ताई गेली, हिचं काय घेऊन बसलात. जन्मभर रांधा, वाढा, उष्टी काढा केलं तिनं. कुणी तिला कुठं नेलं नाही. ह्या सीटवर बसली की ओरडायची, 'अजून पळव.' आता ती सीट रिकामी घेऊन जायचं? मला रिकामी बस डेपोत न्यायलासुद्धा कधी आवडलं नाही. मिस्त्रींना विचारा.

मिस्त्री : खरंय. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला बसवून आणायच्या.

मास्तर : मग तुझ्याशेजारी कुणी बसलं तर?

बाई : कोण बसणार?

मास्तर : विचारलं आपलं.

बाई : तुम्ही? मिस्त्री, लग्नानंतर हे एकदा माझ्या बसमध्ये बसले. पुढच्याच स्टॉपला उतरले आणि तोंडाला रुमाल लावून दुकानापर्यंत चालत गेले. प्रवासी मला विचारत होते, कोण होते ते बिचारे.

मास्तर : पोटात ढवळतं माझ्या, त्याला मी काय करू? मिस्त्री, ऑइल तापायला किती लांब जावं लागतं?

मिस्त्री : पुलापलीकडं तरी जायला हवं.

मास्तर : मध्ये वळणं आहेत?

बाई : आहेत.

मास्तर : सावकाश घेशील?

बाई : जाताना सावकाशच घ्यायचं असतं. इंजिन थंड असतं.

मास्तर : आणि येताना?

बाई : येताना तुम्ही डोळे मिटा.

मिस्त्री : झालं. नवं ऑइल भरलं. चालू करायला हरकत नाही, पण पाच मिनिटांसाठी असेल तर मी चावी खिशात घालून घरी जातो.

बाई : चावी इकडं द्या. आणि ते कव्हर घडी करून आत नेऊन ठेवा. रजई म्हणून पांघरेन मी.

मास्तर : थांब, रुमाल घेतो. एक पिशवीही घेतो, असू दे जवळ. हे दार असं उघडतं होय? अगं, किती खाली आहे हे. बसायचं का पडायचं? गुडघे बघ कुठं आले माझे, हनुवटीला लागतायत.

बाई : नीट बसा.

मास्तर : बसलोय. असंच बरं आहे. मी काही हलवत नाही, काळजी करू नको. चल तू.

बाई : खाली हात घाला. दांडी लागेल, ती वर ओढा.

मास्तर : खरंच नको. जमतंय मला.

बाई : ओढा आणि सीट मागं घ्या. ताईचे पाय आखूड होते.