ध्यानाच्या खोलीची काच मीच फोडली

नाव : सगळे आजी म्हणतात, तेच लिहा. वय : सत्तरीच्या पुढे, नक्की आकडा आईला ठाऊक होता, ती गेली. धंदा : घरकाम, अजून सुटका नाही. राहणार : बेकरीच्या वरचा मजला.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, आमचे हे शिंपीकाम करत, आता वेदान्त केंद्रात योगासने आणि ध्यान शिकायला जातात. घरी एका जागी टिकत नाहीत. पंखा लाव, पंखा बंद कर, माझा चष्मा कुठाय, असे दिवसभर चालते.

आज दुपारी हे रक्तदाबाची गोळी विसरले, म्हणून मी ती घेऊन केंद्रात गेले. ध्यानाच्या खोलीला आतून कडी होती. दाराच्या काचेतून पाहिले तर हे ताठ बसलेले, तोंड किंचित उघडे. नाकावर माशी बसली तरी हात उठेना. मी काच वाजवली, "अहो, अहो" करून हाका मारल्या. कसलाही आवाज आला तरी डोळे उघडायचे नाहीत, असा तिथला नियम आहे आणि सगळे नियमाचे पक्के. मला वाटले, हे गेले. जिन्यातली कुंडी उचलून काचेवर घातली, हात आत घालून कडी काढली.

यांनी डोळे उघडले व म्हणाले, "अगं, आजच कुठे जरा ध्यान लागलं होतं!"

मी तिथेच खाली बसले. त्यानंतर मी काय बोलले ते लिहू नये.

व्यवस्थापक धावत आले तेव्हा फुटकी कुंडी यांनी उचलून हातात घेतली होती. व्यवस्थापकांनी तुम्हा पोलिसांना फोन केला. खोलीतल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे साक्षीदार एकही नाही. गुरुजींना विचारले तर म्हणाले, "करणारा कोण, हाच तर खरा प्रश्न आहे." हवालदारांनी कपाळाला हात लावला. तेव्हा हे पुढे होऊन म्हणाले, "मी फोडली. घ्या लिहून." मी मध्ये बोलले तर मला म्हणतात, "तू गप्प बस. तुला काय कळतं ध्यानातलं?"

काच यांनी फोडली, हे धडधडीत खोटे आहे. गुन्हा यांच्या नावावर चढला तर केंद्रात पुन्हा घेणार नाहीत. आज यांचा चेहरा कसा शांत झाला होता, तो मी एकटीने पाहिला आहे. घाबरले नसते तर बघत उभी राहिले असते. यांना तिथे जाऊ द्यावे.

मला अक्षरओळख नाही. हवालदारांनी वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे, फक्त शिव्या गाळल्या आहेत. डावा हात शालीत आहे तो थंडीने नव्हे, अंगठ्यात काच गेली आहे. म्हणून उजव्याचा ठसा घ्यावा. हे बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांचेही दोन्ही हात बघून घ्यावेत, एक ओरखडा सापडणार नाही.